पाहुण्याची जागा

१

आमच्या सेमिनारला वायर घेऊन जावं लागायचं. कॉम्प्युटरवर प्रथिनाचा नवा आराखडा तयार झाला, की तो आधी हाताने वायरीत वाकवायचा आणि मगच स्क्रीनवर दाखवायचा, असा मॅडमचा दंडक होता. "स्क्रीनवर सगळंच गोंडस दिसतं," त्या म्हणायच्या. "बोटं दुखली की कळतं कुठे बोंब आहे ते."

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, लांबण लावायचा मला कंटाळा आहे. प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी. ती स्वतःभोवती गुंडाळली जाते, तिला एक ठरावीक घडी पडते, आणि त्या घडीवर तिचं काम ठरतं. घडी बिघडली की साखळ्या एकमेकींना चिकटतात, गुठळ्या होतात, माणसं आजारी पडतात. आम्ही शिकत होतो ते असं, की अशा एखाद्या बिघडलेल्या साखळीला अलगद कवेत घेईल अशी दुसरी साखळी बेतायची. जिला कवेत घ्यायचं तिला आम्ही 'पाहुणा' म्हणत असू. कुणी आराखडा मांडला की मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाहुणा कोण?"

पाहुण्याची फाइल प्रोग्रामला द्यायची. मग प्रोग्राम ठिपक्यांच्या एका अर्थहीन ढगापासून सुरुवात करतो, ढग हळूहळू आवरत नेतो, आणि शेवटी पाहुण्याभोवती बसणारी एक घडी उरते. ढग दर वेळी वेगळा, म्हणून घडीही दर वेळी वेगळी. हा एक फेरा, म्हणजे रन, संपेपर्यंत ती कुणालाच माहीत नसते, खुद्द प्रोग्रामलाही नाही. हे तेवढं लक्षात ठेवा.

माझा पाहुणा मी पहिल्या दिवशीच निवडला होता. माझ्या आईच्या मेंदूत ज्याच्या गुठळ्या होत होत्या, तोच. मॅडमनी मला बाजूला घेऊन बजावलं, "हे तुझ्या आईपर्यंत पोचणार नाही गं. पोचलंच तर कुणाच्या तरी आईपर्यंत पोचेल, तेही आपण सगळे म्हातारे झाल्यावर." मी शहाण्यासारखी मान डोलावली. मनात म्हटलं, तुम्ही नका मध्ये पडू.

२

आई मला ओळखेनाशी झाली होती. एका दिवसात नव्हे, हळूहळू. आधी माझं नाव गेलं, मग नातं गेलं, मग राहिला फक्त तिचा सभ्यपणा. मला ती 'अहो' म्हणायची. मी तिचे केस विंचरले की "कशाला त्रास घेता?" म्हणायची. आणि संध्याकाळ झाली की माझ्याकडे काळजीने बघून सांगायची, "निघा आता तुम्ही. तुमची आई वाट बघत असेल."

या वाक्यावर मी पहिल्यांदा बाथरूममध्ये जाऊन रडले. नंतर नंतर "हो, निघतेच" म्हणून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी घासायची. माणसाला सगळ्याची सवय होते म्हणतात, काही होत नाही.

लहानपणी ती मला टिल्लू म्हणायची. आता मी दारातून वाकून आत येते एवढी उंच, पण घरात नाव टिल्लूच. माझं मागणं फार नव्हतं. तिने मला एकदा, एकदाच, टिल्लू म्हणून हाक मारायला हवी होती.

दिवसा तिला सांभाळायला एक मावशी येत. बाई मोठ्या खटपट्या. एक दिवस म्हणाल्या, "ताई, यांच्या हाताला काहीतरी चाळा द्या बघू. पांघरुणाचे दोरे ओढून ओढून पार चाळण केलीय." मी माझ्या पिशवीतले वायरचे उरलेले तुकडे तिच्या मांडीवर ठेवले. आई आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, तेव्हा वायर हाताला ओळखीची. तिने एक तुकडा उचलला, सरळ केला आणि वळवायला लागली. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, पण चेहरा इतका शांत झाला की मावशी नि मी एकमेकींकडे बघून हसलो.

३

त्या आठवड्यात माझं सादरीकरण होतं आणि रन काही संपत नव्हता. घडीच माहीत नाही तर वायर वाकवणार काय, कपाळ? निघताना आईच्या हातचं एक गुंडाळं पिशवीत टाकलं. म्हटलं, रिकाम्या हाताने शिव्या खाण्यापेक्षा काहीतरी दाखवून खाऊ.

आमच्यात एक बोका होता. म्हणजे माझा वर्गमित्रच, पण सर्व्हरच्या खोलीत उबेला जाऊन झोपायचा म्हणून सगळे बोकाच म्हणत. त्याचं सादरीकरण चालू असताना माझ्या लॅपटॉपवर रन संपल्याची खूण आली. वायर वाकवायला वेळ नव्हताच. माझी पाळी आली, मी घडी स्क्रीनवर लावली आणि आईचं गुंडाळं मॅडमच्या हातात ठेवून मान खाली घातली.

मॅडमनी ते स्क्रीनसमोर धरलं. थोडं फिरवलं. आणखी थोडं फिरवलं. 

"वा!" त्या म्हणाल्या. "इतकं तंतोतंत आजवर कुणी केलं नव्हतं. बघा रे, शिका काहीतरी."

मी मान वर केली. तो सुरुवातीचा मळसूत्री पिळा, मग मोकळा फास, मग शेजारी शेजारी टेकलेल्या पट्ट्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध एक पोकळी. स्क्रीनवर जे होतं तेच वायरीत होतं. बोका हळूच म्हणाला, "च्यायला, रात्रभर जागलीस काय?" मी हसले, दुसरं काय करणार?

बसमध्ये बसल्यावर मी वेळांचा हिशेब लावला. रन दुपारी संपला. गुंडाळं सकाळपासून माझ्या पिशवीत होतं.

४

मी काही भोळीभाबडी नाही. घरी जाईपर्यंत मी स्वतःशी चिक्कार वाद घातला. घड्यांचे प्रकार तसे थोडेच असतात, वायरीला ज्या बाजूने वाकायचं त्याच बाजूने ती वाकते, आणि मॅडमना चष्मा बदलायला झालाय. आपल्याला हवं ते आपण बघतो. ढगात हत्ती दिसतोच की पोरांना.

मग दुसऱ्या दिवशी मी पडताळा घ्यायचं ठरवलं. नवा ढग, नवा रन. निघायच्या आधी आईच्या हातातली घडी फोटोत घेतली आणि गेले. दुपारी रन संपल्यावर फोटो शेजारी ठेवला. तीच घडी. तिसऱ्या दिवशी पुन्हा नवा ढग. पुन्हा तीच गोष्ट, म्हणजे घडी वेगळी, पण आईची आणि प्रोग्रामची एकच. फक्त मधली पोकळी प्रत्येक वेळी तशीच राहत होती. पिळे बदलायचे, पट्ट्या बदलायच्या, जागा मात्र ठेवलेली.

मी हे कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? आणि खरं सांगू, मला आधी भीती वाटलीच नाही. मला वाटलं, आई माझ्या कामात आहे. मला ओळखत नाही, पण मी जिथे दिवसभर असते तिथे ती कशीतरी येऊन बसते. या विचाराने मी एक दिवस बसमध्ये चक्क गुणगुणत होते.

त्या संध्याकाळी घरी आले तर मावशी निघायच्या घाईत होत्या. चपला घालता घालता म्हणाल्या, "आज दिवसभर बोलतायत बघा. अगदी लाडात. मला वाटलं फोनवर आहेत."

आई खिडकीशी बसली होती, मांडीवर वायर. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू या. आत्ता डोळा लागलाय."

"कुणाचा?"

तिने माझा हात धरला, माझं बोट पुढे केलं आणि अलगद वायरीच्या मधल्या पोकळीत सरकवलं. आत ऊब होती. ती आईच्या मांडीची असणार, हातांची असणार. मग माझ्या बोटाला आतून कुणीतरी धरलं. जोरात नव्हे. झोपेतलं तान्हं मूल धरतं ना, मूठ आपोआप मिटते, तसं.

मी बोट ओढून घेतलं. वायर ताणली की परत मिटते, स्प्रिंगसारखी, त्यात विशेष काही नाही. हे मी मोठ्याने म्हणाले की मनात, ते आठवत नाही. आई मात्र रागावली. "उठवाल ना तिला," म्हणाली.

५

"तुझा पाहुणा कुठाय?" बोक्याने विचारलं.

आम्ही सेमिनारच्या खोलीत दोघेच होतो. तो माझ्या आराखड्यावरून आपला सुधारायला बघत होता, म्हणजे सरळ नक्कल मारत होता, आणि त्यासाठी त्याने माझ्या फाइली उघडल्या होत्या.

"आहे की. मधल्या पोकळीत."

"नाही गं बाई. ये, बघ."

मी बघितलं. पाहुण्याच्या फाइलमधून नको असलेला भाग कापताना मी पाहुणाच कापून टाकला होता. सगळा. उरली होती फक्त 'साखळी समाप्त' असं सांगणारी शेवटची ओळ. अशी फाइल दिली तर प्रोग्राम चालायलाच नको, बोंब मारून थांबायला हवा. पण ती तपासणी मी सुरुवातीलाच बंद करून ठेवली होती. बारीकसारीक कारणांवरून सारखी कटकट करायची म्हणून. आमच्या धंद्यात असलं शहाणपण सगळेच करतात.

"तरी थांबायलाच हवं होतं," बोका डोकं खाजवत म्हणाला. "पाहुणाच नाही म्हटल्यावर याने मध्ये जागा का ठेवावी? उगाच कुठलातरी गोळा व्हायला पाहिजे होता. आणि हे आकडे बघ. पकड किती घट्ट बसलीय त्याचे. इतके चांगले आकडे मी कधी बघितले नाहीत." त्याचा आवाज जरा उतरला. "हे कुणाला धरून बसलंय?"

 माझ्या बोटाला ती मूठ आठवत होती.

मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. "होतं गं. तपासणी चालू कर, खरा पाहुणा घाल, नव्याने चालव. आणि आधीचं सगळं पुसून टाक, नाहीतर गोंधळ होईल." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "झोप नीट होत नाही का? आई बरी आहे ना?"

"मजेत आहे," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, तेच तर अवघड होतं.

६

मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. खरा पाहुणा घातला, तपासणी चालू केली, जुने रन पुसले आणि घरी आले.

जिन्यातच आईचा आवाज ऐकू आला. मावशी दारात उभ्या होत्या, रडवेल्या. "मघापासून असंच चाललंय. काय झालं काही कळत नाही. छान बसल्या होत्या, एकदम हातातली वायर आपोआप सुटल्यासारखी सरळ झाली आणि यांनी एकच आकांत मांडला."

आई पलंगाखाली वाकून बघत होती. मग कपाट उघडलं. मग उशीचा अभ्रा काढून उलटा केला. केस सुटले होते.

"आई, काय शोधतेस?"

"टिल्लू," ती म्हणाली. "माझी टिल्लू कुठे गेली हो? आत्ता होती इथे."

किती वाट बघितली होती मी त्या नावाची! मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तिचे दोन्ही हात धरले. "आई, मीच टिल्लू. ही काय तुझ्यासमोर. बघ ना माझ्याकडे."

तिने बघितलं. खरंच नीट बघितलं, उपकार केल्यासारखं. मग अगदी सभ्यपणे हात सोडवून घेतले. "तुम्ही नंतर या हं," म्हणाली. "माझी मुलगी हरवलीय."

अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं, मला माहीत नाही. मी लॅपटॉप उघडला. तिच्या पलंगाच्या कडेवर बसून पाहुण्याची फाइल पुन्हा रिकामी केली. तपासणी बंद केली. चालव म्हटलं. स्क्रीनवर ठिपक्यांचा ढग आला, मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखा, आणि हळूहळू आवरत गेला. आई कपाटापाशी थांबली. परत आली. माझ्या शेजारी बसली आणि तिने वायर हातात घेतली.

स्क्रीनवर पिळा दिसायच्या आधी तिच्या बोटांत तो पडत होता. मी आता स्क्रीनकडे बघतच नव्हते. तिच्या गालांवरचं पाणी वाळत चाललं होतं, ते बघत होते. थोड्या वेळाने तिने मधल्या पोकळीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं, इथे होय तू? किती घाबरवलंस!"

माझं तिकडचं काम म्हणजे सहा महिन्यांचा अभ्यास, मॅडमचा विश्वास, कुणाच्या तरी आईचं औषध. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. तरी मी रन थांबवला नाही. त्या सेमिनारमध्ये मी नापास होणार हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि त्याचं काही वाटलं नाही.

७

पुढे आईनेच सांगितलं, वायर पुरत नाही. "अंग आखडतं हो तिचं. वाढतं वय आहे." मी बाजारातून वायरचा अख्खा रोल आणला आणि प्रोग्राममध्ये साखळीची लांबी वाढवली. मग आणखी वाढवली. आता पोकळीत बोट नाही, हात जाईल एवढी जागा झाली. मी कधी हात घालून बघितला नाही. वायर पलंगभर पसरली, उशीपासून पायांपर्यंत. मावशी काम सोडून गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुमच्या आई फार गोड आहेत हो, त्यांच्यामुळे नाही जात." मग कशामुळे, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मी घरातच असते आता. आई जेवते, झोपते, गाणी म्हणते. मला लहानपणी म्हणायची तीच, मी विसरले होते ती कडवीसुद्धा. मी खोलीबाहेर भिंतीला टेकून ऐकत बसते. कधीकधी गाणं चालू असताना मधली एखादी ओळ ती म्हणत नाही, थांबते, आणि मग पुढची म्हणते. थांबते तेव्हा खोली अगदीच शांत नसते. पण म्हातारीला धाप लागत असेल, पलंग करकरत असेल. मी अजूनही असली कारणं शोधते. जित्याची खोड म्हणतात ना, तसलं काहीतरी.

काल संध्याकाळी दूध तापत ठेवलं आणि आईला हवंय का विचारायला गेले. दार लोटलेलं होतं. फटीतून पलंगाची कड दिसत होती आणि आईचा हात. हात खाली लोंबत होता, कुणाला तरी धरून चालवताना वाकवावा तसा वाकलेला, आणि तिची दोन बोटं एका मुठीत होती. मूठ लहान होती, नखं कुरतडलेली. यापुढचं फटीत मावत नव्हतं.

माझ्या पायाखाली फरशी वाजली.

"बाहेर कोण आहे गं?" आईने विचारलं. मला नव्हे. आत विचारलं.

मी तोंड उघडलं होतं, मी आहे म्हणायला. पण आतून पावलं आली. अनवाणी, लहान, धावती. दारापाशी येऊन थांबली. फटीत अंधार झाला, म्हणजे कुणीतरी मध्ये उभं राहिलं. माझ्या कमरेच्याही खाली कुठेतरी श्वास चालला होता. मी बघायला वाकले नाही. ती मात्र माझ्याकडे बघत असणार, कारण तिला उत्तर द्यायला बराच वेळ लागला.

"कुणी नाही, आई," ती म्हणाली.

आई हसली. किती दिवसांनी असं खळखळून हसली! "मग ये बघू इकडे, टिल्लू," म्हणाली. पावलं परत गेली, पलंग करकरला.

मला रडू आलं. आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरंही वाटलं. मी पाऊल न वाजवता स्वयंपाकघरात आले आणि दुधाखालचा गॅस बारीक केला.